गुडघे वाकण्याबाबत

सीमाभागातल्या गुडघ्यांची अवस्था समाधानकारक नाही, ही बाब शासनाच्या लक्षात आली तेव्हा त्या गुडघ्यांनी बरीच वर्षं शासनाची वाट पाहिलेली होती. तुरीच्या खुरपणीत बसून, ज्वारीच्या काढणीत वाकून आणि हुमनाबादच्या बसमध्ये उभं राहून ते झिजले होते. कलबुर्गीला यावर एक बैठक झाली. बैठकीत असं निदर्शनास आलं की परदेशात काही उंदरांना चांगल्या जातीचे जंतू खाऊ घातले असता त्यांच्या सांध्यांना आराम पडला. आतडं सुधारलं की गुडघा सुधारतो. उंदीर आणि बिदर जिल्ह्यातला शेतकरी यांत थोडा फरक आहे, हे बैठकीला मान्य होतं. पण तो फरक अनुदानातून भरून काढता येईल असं ठरलं आणि ‘सीमाभाग सांधेसुख अभियान’ सुरू झालं.

अभियान पहिल्यांदा आलं ते दुबलगुंडीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सांगितलं तर तिथल्यांना राग येईल, आणि न सांगितलं तर बाकीच्यांना ते आपलंच वाटेल, ते जास्त बरं.

या गावाच्या कडेला बुद्धनगर आहे. तिथल्या पहिल्याच घरात इंदिराबाई राहते. घराला सिमेंटचा ओटा आहे. गावातली सोजराबाई रोज सकाळी शेताकडे निघाली की तिचे गुडघे बरोबर या ओट्यापाशी संपतात. मग ती बसते. दोघी तरुणपणी एकाच पट्टीत खुरपायच्या, एकमेकींची गुपितं जाणून होत्या, आणि आता एकमेकींचे गुडघे जाणून होत्या. ओट्यावर बसायला सोजराबाईची काहीच हरकत नसे, कारण ओटा कोरडा होता.

ती बसली की इंदिराबाई आतून ताकाचा पेला आणी.

“घे अक्का, जिरं घातलंय.”

“आज सोमवार हाय गं,” सोजराबाई म्हणे. सोमवार नसला की तिचा घसा धरलेला असे. घसा मोकळा असला की ती नुकतीच जेवून आलेली असे. गेल्या उन्हाळ्यात तर तिनं ताकानं दाताला कळ लागते असं सांगितलं. तेव्हा सोजराबाईला दात नव्हते. इंदिराबाईनं तो विषय काढला नाही. मैत्रिणीच्या तोंडात काय आहे आणि काय नाही, हे प्रत्येक वेळी बोलून दाखवायचं नसतं. सोजराबाई पिशवीतली आपली बाटली काढून पाणी पिई, आणि ताक वाया जाऊ नये म्हणून इंदिराबाई ते स्वतः पिऊन टाकी.

सोजराबाईनं मरायच्या आधी एकदा आपल्या हातचं ताक प्यावं, एवढी एकच इच्छा इंदिराबाईनं बाळगली होती. गुडघ्यांचा नंबर त्यानंतर लागत होता.

तर अशा वेळी अभियानाचे अधिकारी गुरुबसव गावात आले. तरुण, सज्जन आणि कामसू माणूस. बाटल्यांची पेटी घेऊन ते घरोघर दही गोळा करत फिरले. स्थानिक लोकांना स्थानिक जंतूच मानवतात, असं त्यांच्या वरिष्ठांचं मत होतं. बुद्धनगरात बाकीच्या घरांतून पाकिटातलं दही येऊ लागलं होतं. मडक्यात दही लावणारी इंदिराबाई तेवढी उरली होती. गुरुबसवांनी एक चमचा नमुना बाटलीत घेतला आणि दोन पेले नमुना पोटात घेतला.

“आजी, हे फार चांगलं आहे,” ते ओठ पुसत म्हणाले. इंदिराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. सरकारी माणसाला आत्ताच जेवून आलोय म्हणता येत नाही की काय, असा तिला संशय आला.

तपासणीचा निकाल विचित्र लागला. गावातल्या सगळ्या घरांचं दही एकच निघालं. त्यात नवल काही नव्हतं. एका घरचं विरजण विसकटलं की बाई शेजारणीकडे वाटी घेऊन जाते, शेजारीण तिच्या शेजारणीकडे. अशी पिढ्यान्‌पिढ्या देवघेव होऊन गावभर एकच विरजण नांदत होतं. ते दमलेलं होतं. त्यातले जंतू नुसते आंबट करत होते, काम करत नव्हते. फक्त एका मडक्यातला जंतू निराळा, ताजातवाना आणि कामाचा निघाला. ते मडकं इंदिराबाईचं होतं.

गुरुबसव धावत ओट्यावर आले. सोजराबाई तिथंच टेकलेली होती.

“आजी, हा जंतू दुसऱ्या कुठल्याच दह्यात मिसळलेला नाही. इतका वेगळा ठेवला म्हणून असा टिकला. असं वेगळं ठेवायला फार शिस्त लागते. कुणी ठेवलं?”

“गावानं,” इंदिराबाई म्हणाली.

सोजराबाई बाटली काढून पाणी प्यायली.

गुरुबसवांनी ‘सामूहिक प्रयत्न’ असं लिहून घेतलं. खरी हकिकत इंदिराबाईनं त्यांना सांगितली नाही, कारण त्यांनी विचारली नाही. ती अशी की, चिटगुप्प्याजवळच्या तिच्या माहेरी ती लहान असताना आईबरोबर मोठ्या घरी ताक मागायला जाई. आई पायरीखाली गाडगं धरून उभी राही. घरची बाई वरच्या पायरीवरून ताक ओती. धार उंचावरून यायची, त्यामुळे थोडं गाडग्यात पडे आणि थोडं आईच्या मनगटावर. मनगटावरचं इंदिराबाईच्या वाट्याला येई. मग बापानं धम्म घेतला आणि घरात सांगितलं, आता ताक मागायचं नाही. पुढं म्हैस आली. दूध आलं, पण विरजण कुठून आणायचं? आई शेजारच्या आळीत वाटी घेऊन गेली. दिवेलागणीला विरजण देत नसतात, असं तिला सांगण्यात आलं. तेव्हा भर दुपार होती. आई घरी आली, हिरव्या मिरच्यांचे देठ खुडले आणि कोमट दुधात टाकून वर कपडा बांधला. दुसऱ्या दिवशी दही लागलं. तेच विरजण इंदिराबाईनं लग्नात ओल्या फडक्यात गुंडाळून सासरी आणलं. सासरच्या गावानंही ते कधी मागितलं नाही. अशा रीतीनं ते शुद्ध राहिलं.

आता बातमी गावात पसरली, आणि गावाला एकदम गुडघ्यांपेक्षा दुसरीच कळ लागली. सोजराबाईचा मुलगा श्रीमंत ग्रामपंचायतीचा सदस्य होता. तो चार माणसं घेऊन गुरुबसवांना भेटला.

“साहेब, आमचा विरोध न्हाई. आम्ही सगळे एकच. फक्त लोकांच्या भावना हायत.”

“अण्णा, जंतूला कसल्या भावना?”

“जंतूला नसतील. गिळणाऱ्याला हायत.” श्रीमंत जरा जवळ सरकला. “असं करा की. जंतू गोळीत घालायच्या आधी निर्जंतुक करून घ्या.”

“मग ते मरतील.”

“सगळेच?”

“सगळेच.”

श्रीमंतनं हा पर्याय थोडा वेळ मनात घोळवला. मग त्यानं आईचे गुडघे आठवून तो सोडला.

प्रश्न वर गेला. वर असे प्रश्न पूर्वीही गेलेले असल्यामुळे उत्तर तयारच होतं. मडक्यातला जंतू बेंगळुरूला न्यायचा. तिथं तो पोलादी टाकीत वाढवायचा. टाकीत दिवसभरात त्याच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. म्हणजे गोळीत जाणारा जंतू हा मडक्यातला नसून त्याच्या वंशजांच्या वंशजांचा वंशज असेल, त्यानं ते मडकं डोळ्यांनीही पाहिलेलं नसेल, आणि त्याचं सगळं शिक्षण बेंगळुरूत झालेलं असेल. तसं प्रमाणपत्र जोडण्यात आलं. पाकिटावर ‘मूळ ठिकाण’ या शब्दांपुढं ‘ग्रामीण कर्नाटक’ असं छापण्यात आलं. गावाच्या भावनांना आराम पडला. गुडघ्यांचा त्यानंतर विचार सुरू झाला.

समुदाय भवनात गोळ्या वाटण्याचा समारंभ झाला. हार, बॅनर, माईक. भाषणात ‘आपल्या मातीतला जंतू’ हे शब्द पुष्कळदा आले; मडकंही मातीचंच होतं, ते कुणाच्या तोंडात आलं नाही. सोजराबाई पहिल्या रांगेत होती. तिनं चांदीसारखं पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि आपल्या बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली. त्या दिवशी सोमवार होता.

इंदिराबाई मागच्या रांगेत होती. तिचा नंबर आला तेव्हा गुरुबसव अवघडले.

“आजी, तुम्हाला नाही देता येत. नियम आहे. लाभार्थ्यानं हा जंतू पूर्वी खाल्लेला नसावा.”

“मी जन्मभर खायलेय, साहेब.”

“तेच ना.”

“मग माझे गुडघे असे कामून हायत?”

हा प्रश्न अभियानात तोपर्यंत कुणी विचारलेला नव्हता. कलबुर्गीच्या बैठकीत नाही, बेंगळुरूच्या टाकीपाशीही नाही. गुरुबसवांनी कपाळावरचा घाम पुसला. प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी विचार करून उत्तर दिलं.

“तुम्ही ते जेवणात खाल्लं, आजी. अभियानात नाही खाल्लं.”

इंदिराबाईला हे पटलं. जेवणात खाल्लेल्या पुष्कळ गोष्टींचा तिला आयुष्यात उपयोग झालेला नव्हता.

गोळ्यांचा गुण मात्र गावाला फार लवकर आला. गुण पाहायची पद्धत शास्त्रीय होती. लाभार्थ्यानं समुदाय भवनातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून आधार न घेता उठून दाखवायचं. उठला तर बरा. नाही उठला तर त्याला पुढच्या तपासणीसाठी सरकारी खर्चानं कलबुर्गीला नेणार होते, जाताना बसमध्ये जागा मिळण्याची हमी नव्हती, आणि तिथं गुडघ्यात सुई घालून पाणी काढणार होते. सगळे उठले. लकव्यानं एक बाजू गेलेला ग्यानबासुद्धा उठला आणि बाहेर जाऊन पडला. पण बाहेरची जागा अभियानात येत नव्हती.

सोजराबाईला तर खराच आराम वाटत होता. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसली तेव्हा तिनं पाय लांब करून दाखवला.

“बघ इंदिरे, कुरकुर बंद! लई गुणाची गोळी हाय. तुला न्हाई दिली व्हय? अरारा. नशीब तुझं.”

“चव कशी हाय?”

“गोळीला कसली चव? गिळायची.” मग तिनं आवाज खाली घेतला. “पण एक सांगू? परवा एक फुटली हातात. म्हटलं वाया कशाला घालवा, दुधात टाकली. तर असं दही लागलं इंदिरे, असं! वडी पडावी असं. आमच्या घरात असलं दही कधी लागलं नव्हतं. थोडं तिखट लागतं मागनं, पण लई भारी.”

“मिरचीचं हाय ते,” इंदिराबाई म्हणाली.

“काय?”

“काय न्हाई. हे घे. ताक घे. तेच हाय.”

सोजराबाईनं पेल्याकडे पाहिलं. या खेपेला कारण शोधायला तिला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला.

“नको गं,” ती म्हणाली. “गोळी चालू हाय ना. डबल डोस होतोय.”

इतपत सगळं ठीक चाललं होतं. पण जंतूची रीतसर नोंदणी झाली आणि नोंदणी झालेल्या वस्तूचं जे होतं तेच त्याचं झालं. तो ज्याचा होता त्याच्याकडे बेकायदेशीर ठरला. अधिकृत टाकीबाहेर सदर जंतूचं उत्पादन आढळल्यास मूळ साठा ताब्यात घ्यावा, असा कन्नडमधला आदेश गुरुबसव घेऊन आले तेव्हा त्यांची मान खाली होती. इंदिराबाईची सून ज्योत्स्ना बसवकल्याणला हायस्कुलात शिकवते. तिनं आदेश दोनदा वाचला.

“घरात दही लावणं म्हणजे उत्पादन?”

“लागल्यावर उत्पादन, मॅडम. लागायच्या आधी दूध.”

“आणि गावात घरोघर गोळी फोडून दही लावायलेत, ते?”

“तो गोळीचा गैरवापर आहे. त्याबद्दल वेगळं परिपत्रक निघेल.” गुरुबसव हळूच म्हणाले, “निघायला वेळ लागेल.”

मडक्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधून लाख ओतली. इंदिराबाईनं एवढंच विचारलं की, एक चमचा ठेवून जाता का? गुरुबसवांनी लाखेकडे पाहिलं, आदेशाकडे पाहिलं, आणि आजी, माझा नाइलाज आहे, असं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यासह ते मडकं जीपमध्ये घेऊन गेले. हुमनाबादच्या कार्यालयात ते एका कपाटावर ठेवण्यात आलं, आणि वास सुटल्यावर कपाट हलवण्यात आलं.

इंदिराबाईनं मिरच्यांचे देठ खुडून दुधात टाकले. दही लागलं. ते दही होतं, आईचं नव्हतं. ज्योत्स्नानं पाकिटातलं आणून पाहिलं. इंदिराबाई दोन घास खाई आणि ताट सारी. जिभेला एक आठवण असते, तिला कुणी परिपत्रक पाठवू शकत नाही. सकाळी ओट्यावर आता पेला नसे. सोजराबाई बसे, आणि नाही म्हणायला काही नसल्यामुळे लवकर उठून जाई.

मार्च संपला तसा अभियानाचा निधी संपला. गोळ्या बंद झाल्या. गावाला त्याचं दुःख झालं नाही. विरजण घरोघर पोचलेलं होतं. एका घरचं विसकटलं की बाई शेजारणीकडे वाटी घेऊन जात होती. जुनं दमलेलं विरजण कुठल्याच घरात उरलं नव्हतं. आळीआळीत, देवळातल्या पंचामृतात, लग्नाच्या कढीत इंदिराबाईच्या आईचं दही नांदत होतं. दही लावणाऱ्या घरांत ते नसलेलं घर एकच होतं.

म्हणून एका दुपारी इंदिराबाईनं वाटी घासली, पदराखाली धरली आणि सोजराबाईच्या घरी निघाली. दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश आहे, हे तिनं आधी आभाळाकडे बघून नक्की केलं. सोजराबाईचं घर फरशीचं होतं, पुढं तीन उंच पायऱ्या. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती त्या पायऱ्यांच्या खालपर्यंत पुष्कळदा आली होती.

“अक्का, हायस का?”

“इंदिरे! ये की.” सोजराबाई दारात आली. ये म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही.

“विरजण पाहिजे होतं. चमचाभर.”

सोजराबाईचा चेहरा खरोखर उजळला. मैत्रिणीला द्यायला आपल्याकडे काहीतरी आहे, याचा तिला मनापासून आनंद झाला. “अगं, मागायचं व्हय? थांब. पळीभर देते.” ती लगबगीनं आत गेली आणि दह्याचं भांडं, पळी घेऊन आली. इंदिराबाई खालच्या पायरीशी उभी होती. तिनं वाटी पुढं धरली. वास तिच्यापर्यंत आला, आणि तिला एकदम आईच्या चुलीजवळ बसल्यासारखं झालं.

सोजराबाईनं वरच्या पायरीवर उभं राहून पळी भरली. मग तिचा हात वर गेला. तिनं ठरवून वर नेला नाही. तो आपोआप गेला, जसा सासूचा गेला असेल, सासूच्या सासूचा गेला असेल. पळी तिरपी झाली. थोडं दही वाटीत पडलं आणि थोडं इंदिराबाईच्या मनगटावर.

दोघींनी मनगटाकडे पाहिलं.

“अक्का,” इंदिराबाई म्हणाली, “सांडायलंय. जरा वाक की.”

सोजराबाई पळी धरून तशीच उभी राहिली.

“गुडघे बरे झालेत ना तुझे?”

“व्हय की. झालेत,” सोजराबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिनं खाली वाटीकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, गल्लीत कुणी आहे का तेही पाहिलं. पदर सारखा करून तिनं एक पाय थोडा पुढं केला, आणि तो तिथंच थांबला. आतून श्रीमंतचा आवाज आला, “आई, गुडघ्याला ताण देऊ नको गं!”

पाय मागे आला.

इंदिराबाईनं मनगट तोंडाशी नेलं. चव तीच होती. मग वाटीवर पदर धरून ती घरी गेली. तेवढं पुरे होतं. दही लागायला चमचाभरसुद्धा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजराबाई ओट्यापाशी आली, तेव्हा ओट्यावर भरलेला पेला ठेवलेला होता. इंदिराबाई आतच होती. आज घे म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून नको तरी कुणाला म्हणायचं, अशा पेचात सोजराबाई बराच वेळ उभी राहिली आणि न बसताच शेताकडे गेली. गुडघे खरंच बरे झाले होते.

अभियानाच्या अंतिम अहवालात गावातले सर्व गुडघे वाकण्यास सक्षम असल्याचं नमूद झालं आहे. ते वाकतात का, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेबाहेरचा होता. यश पाहून ही गोळी आता इतर जिल्ह्यांतही येणार आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळेल. पाकिटावर कुठल्याच घराचं नाव नसेल, तेव्हा निर्धास्त घ्या. गुण आला की नाही, हे पाहायला खुर्चीवरून उठून बघू नका. कधीतरी तुमच्या पायरीखाली कुणी वाटी घेऊन उभं राहील, तेव्हा पळी हातात घेऊन बघा. आमच्या दारात असं कुणी येतच नाही, असं म्हणत असाल, तर तुमचा आजार जुना आहे.